घर नंबर सत्तेचाळीस

मु. तरटेवाडी, पो. कुंभार पिंपळगाव,
ता. घनसावंगी, जि. जालना
दि. २३ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीस आबाचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू "आईकडं द्या" एवढंच बोलती. पत्राला तसं म्हणायची सोय न्हाई, म्हणून लिहून राह्यलो. अक्षर लागलं न्हाई तर दोनदा वाच. पोरापोरींचे गठ्ठ्यानं पेपर तपासती, बापाचं एक पत्र वाचायला काय हरकत आहे.

इकडं सगळे खुशाल. हरभरा निघाला, बरा निघाला. ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला गेला, ह्या वर्षी तोड जल्दी मिळाली. तुझ्या आईचा गुडघा थंडीत धरला होता, आता मोकळा झाला. ते तुला माहीत असंलच, तुमचं रोज बोलणं होतं. मी शेजारच्या खोलीत ऐकत बसतो. ऐकत म्हणजे, कानावर येतं.

तुझं भाषण पाह्यलं. श्रीमंतांवर कर लावावा का न्हाई, त्याच्यावरचं. गावात सगळ्यांच्या मोबाइलवर आल्तं. राधेश्यामच्या आडतीवर दहा-बारा जण एकाच मोबाइलवर पाहून राह्यले होते, मी मागं उभा होतो. समोर एवढाले सूट-बूटवाले बसलेले आणि तू कागदाकडं न बघता बोलत होती. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. चष्मा नवीन दिसतो. चांगला दिसतो.

पण सगळंच पटलं असं समजू नको. तू म्हणाली, कर लावा म्हणणारे लई, नको म्हणणारे बी लई, पण खरी अडचण लावायला गेल्यावर कळते. मालमत्तेची किंमत ठरवायची कुणी. ती बायका-पोरांच्या नावावर वाटून ठेवलेली असते. माणूस कराच्या हद्दीतूनच निघून जातो. आणि काहींचं घर मोठं पण हातात रोकड न्हाई. अगं, तू हे दिल्ली-मुंबईचं म्हणून सांगत होती, हे सगळं तरटेवाडीत आहे. आणि आम्ही ते सोडवलं. तुझ्या त्या सूटवाल्यांना सुटलं न्हाई, ते आम्ही पंधरा दिवसांत सोडवलं, म्हणून मुद्दाम कळवतो. भाषणातलं अजून एक वाक्य आहे, त्याच्यावर शेवटी बोलतो.

तुझी शाळेतली मैत्रीण दीपमाला आता सरपंच आहे. सर्जेराव मिस्तरीची पोरगी. बोलायला मऊ, पण ऐकत कुणाच्या बापाचं न्हाई. नळयोजनेची मोटार जळली, लाइट बिल थकलं, चौथ्या दिवशी पाणी येऊ लागलं. पंचायतीत पैसा न्हाई. दीपमालानं घरपट्टीचं रजिस्टर काढलं, ज्याला नमुना आठ म्हणतात. गावात तीनशे बारा घरं. त्यात स्लॅबची घरं लिहिलेली किती, तर नऊ. बाकी सगळी माती-पत्र्याची. देवळाच्या गच्चीवर उभं राहिलं तर साठ-सत्तर स्लॅब डोळ्यांनी दिसतात.

तिनं फेरआकारणी काढली. गरिबाला आहे तेवढीच पट्टी, मोठ्या घराला मोठी. ग्रामसभेत हा गोंधळ. राधेश्याम म्हणाला, श्रीमंत कोण ते आधी ठरवा. आणि गंमत बघ, सगळे एकमेकांकडं बोट दाखवून राह्यले, स्वतःकडं एकानं न्हाई. शेवटी घरोघर जाऊन बघायला समिती केली. दीपमाला, ग्रामसेवक, आणि गावातला एक जुना जाणता माणूस म्हणून मी. मी नको म्हणलो होतो. दोनदा नको म्हणलो. पण लोकांचा आग्रह पडला.

आता तुझी पहिली अडचण, किंमत ठरवायची कुणी. इंजिनिअर येतो येतो म्हणून आलाच न्हाई. दीपमालानं बापाला सोबत घेतलं. तीस वर्षं ह्या गावातलं प्रत्येक पक्कं घर सर्जेरावनंच बांधलंय. त्याला वाचता येत न्हाई, पण कुणाच्या स्लॅबला किती पोती सिमेंट गेलं, कुणी सळई बारीक वापरली, कुणाचा जिना दोनदा पाडून बांधला, सगळं तोंडपाठ. तो नुसता दारात उभा राहायचा, वर बघायचा आणि सांगायचा. ग्रामसेवक लिहायचा. एकानं बी हरकत घेतली न्हाई, कारण बांधणाऱ्यापुढं खोटं कोण बोलणार.

राधेश्यामनं कागदावर एका घराची चार घरं केलेली. एक त्याचं, एक बायकोचं, दोन पोरांची. प्रत्येकाच्या नावावर दोन-दोन खोल्या, मंग गरिबाची पट्टी. सर्जेराव आत गेला, बाहेर आला, म्हणाला, "मी जिना एकच बांधला होता, आन चूल बी एकच." संपलं. राधेश्यामनं चहा पाजला आणि सही केली. मला एवढं हसू आलं की उपरणं तोंडात धरावं लागलं.

कल्याण, आपल्या भावकीतला, त्यानं बंगला शेतात बांधला. म्हणे मी गावठाणाच्या बाहेर आहे, तुमचा कर मला लागू न्हाई. दीपमाला म्हणाली, बराबर आहे काका, मंग गावच्या नळाची जोडणी तेवढी आजच काढून घेते. कल्याणनं माझ्याकडं पाह्यलं. मी आभाळाकडं पाह्यलं. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आला, मला हद्दीत घ्या म्हणून. आणि शिवाजी टेलर, ज्याचं घर मोठं पण रोज शिवंल तर रोज खाईल, त्याला चार हप्ते पाडून दिले. झालं की न्हाई तुझं सगळं.

मी रोज संध्याकाळी घरी येऊन तुझ्या आईला हे रंगवून सांगायचो. कोण कसा सापडला, कुणाचं तोंड कसं उतरलं. ती भाकरी थापत ऐकायची. एक दिवस तिनं विचारलं, "आपला नंबर कधी?" मी म्हणलो, येईल की. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तुझी आई बोलत न्हाई तव्हा लई बोलती, हे तुला मी सांगायला नको.

तर आपला नंबर. घर नंबर सत्तेचाळीस. मी समितीला गावाच्या दुसऱ्या टोकाकडून फिरवलं होतं. तीनशे बारापासून उलटं. मला वाटलं, शेवटी सगळे थकतील, दीपमाला म्हणेल काका तुमचं राहू द्या. आता हे लिहितानाच मला कळून राह्यलं की मी तसं का केलं. तव्हा मी स्वतःलाच सांगितलं होतं की तिकडून सावली पडते.

मागच्या मंगळवारी दुपारी आले. तुझी आई चहा घेऊन दारात. दीपमालानं रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांचं वाचलं तसंच वाचलं, आवाजात काही फरक न्हाई. भुजंग आसाराम वायाळ. एक मजली. माती-विटांचे. छत पत्र्याचे. वार्षिक पट्टी दोनशे दहा रुपये.

तू विचारशील, असं कसं लिहिलं गेलं. मीच लिहवलं. घर बांधलं त्या साली जो ग्रामसेवक होता त्याला म्हणलो, जुनं आहे तेच राहू द्या. सोळा वर्षं राह्यलं. गावात सगळेच करतात, असं मी मनात म्हणायचो, आणि सगळे मनात म्हणत असतील की भुजंगराव करतात.

सर्जेराव वर बघत होता. स्लॅबकडं, गॅलरीकडं, मंग परत स्लॅबकडं. लई वेळ. मला वाटलं आता पोती सांगंल. त्यानं पोती सांगितली न्हाईत. तो म्हणाला, "भुजंगराव, हा स्लॅब टाकला त्या दिवशी तुम्ही मला फेटा बांधला होता. चारचौघांत म्हणले होते, असं काम तालुक्यात न्हाई. मी तो फेटा जपून ठेवलाय. हे घर पत्र्याचं असंल तर तसं लिहा, मी काय बोलत न्हाई. पण मंग फेटा परत घेऊन जा."

राजू, तुला तो दिवस आठवतो का? तू तेरा वर्षांची होती. सकाळी सहाला काम सुरू केलं, दिवस बुडायला संपलं, सर्जेराव जेवायलाही खाली उतरला न्हाई. फेट्याचं ताट तुझ्या हातात होतं. गुलाबी फेटा. मी बांधला आणि तू टाळ्या वाजवल्या. सर्जेरावनं मान खाली घातली, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आल्तं. मी एवढ्या मोठेपणानं बांधला तो फेटा, आणि महिन्याभरात पंचायतीत जाऊन त्याच स्लॅबचा पत्रा करून आलो.

मला लाज वाटली. लिहून टाकतो, जन्मात असली वाटली नव्हती. ग्रामसेवक चपलांकडं बघून राह्यला. मी ग्रामसेवकाच्या हातातला पेन घेतला. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात लिहिलं. दोन मजली. पूर्ण आरसीसी. खाली सही केली. मंग सर्जेराव म्हणाला, "गॅलरी राह्यली." ती बी लिहिली, लांबी-रुंदीसकट. आता पट्टी वर्षाला चार हजार आठशे साठ. गावातली सगळ्यात जास्त माझी आहे, कल्याणची माझ्याखाली, हे पण कळवून ठेवतो.

मागच्या सोळा वर्षांचा फरक नियमानं मागता येत न्हाई म्हणे. मी दीपमालाला विचारलं, मोटारीचा खर्चा किती. तो भरला. परवापासून पाणी एक दिवसाआड येऊन राह्यलं. सकाळी नळाला पाणी आलं की पूर्ण गल्लीतून आवाज ऐकू येतो, आणि मी उगीच दारात जाऊन उभा राहतो.

आता ते दुसरं वाक्य.

भाषणात तू म्हणाली, "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. बावीस एकर बागायत, दोन मजली घर, आणि सरकारी कागदावर वर्षाचं उत्पन्न साठ हजार." आडतीवर सगळे हसले. कुणी मागं वळून पाह्यलं न्हाई, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. मी ते भाषण नंतर घरी अकरा वेळा लावलं. तू जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं न्हाई. शेतीच्या उत्पन्नावर सरकार कर घेत न्हाई, तो कायदा काही मी केला न्हाई. पण तो उत्पन्नाचा दाखला मी काढला. साठ हजार मी लिहवले, तुझी फी माफ व्हावी म्हणून. त्या वर्षी निव्वळ उसाचेच किती आल्ते ते मला पाठ आहे.

तू तो दाखला माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली होती, "मला माझा बाप पाहिजे. हा कागदावरचा गरीब माणूस कोण आहे?" मी ओरडलो. तुझ्याचसाठी केलं म्हणलो. तू शिकवण्या घेऊन फी भरली. सहा वर्षांत दोनदा इकडं आली आणि दोन्ही वेळा पिंपळगावला मामाकडं उतरली, आईला तिथं बोलावून घेतलं. मी लोकांना सांगायचो, पोरीला कामं लई असतात. तुझं बराबर होतं. मला हे सहा वर्षांपूर्वी म्हणायला पाहिजे होतं. सर्जेरावनं फेटा परत दिला असता तर मी काय केलं असतं, हे मला अजून कळत न्हाई. पण तू तो दाखला परत दिला होता, तो मी सहा वर्षं घेऊन बसलो.

तू श्रीमंत शोधायची अडचण सांगत होती ना, तर एवढं लक्षात ठेव. मला कुणी कायद्यानं पकडलं न्हाई. मला माझ्या घराचा अभिमान होता, तोच आडवा आला. ज्या घराचा एवढा तोरा मिरवला ते पत्र्याचं म्हणायला जीभ उचलेना. असल्या माणसाचं तुझ्या पुस्तकात काय करतात मला माहीत न्हाई.

सोबत नमुना आठचा उतारा जोडलाय. पंचायतीचा शिक्का आहे, सही माझी आहे. तुझ्या वर्गात दाखव, भाषणात दाखव, सूटवाल्यांना दाखव. नाव झाकू नको. आणि पुढच्या वेळेस "ओळखीचे एक गृहस्थ" म्हणू नको. कर चुकवला तर चुकवला म्हण, खोटा दाखला काढला तर काढला म्हण, मी मागं उभा राहून ऐकून घेईन. पण "माझे आबा" म्हण.

वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली तुझी म्हणून बांधली होती, ती पण आता उताऱ्यात आली आहे.

तुझा बाप,
भुजंग आसाराम वायाळ
घर नंबर सत्तेचाळीस,
दोन मजली, स्लॅबचे, गॅलरीसह