चोवीस पटीने लहान टॅक्सी

लालबाग,
रविवार, २२ जून २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भावोजी आणि रुचा बरे असाल असं धरून चालतो. रुचाचे क्लास सुरू झाले असतील, म्हणजे तुझीच परीक्षा सुरू झाली म्हणायची.

लालबाग ते माहीम असं अंतर ते काय, आणि हा पत्र लिहीत बसलाय, म्हणून तू हसशील. खुशाल हस. फोनवर बाबांचं नाव काढलं की तुला कुकर लावायचा असतो. गेल्या महिन्यात तू एका दुपारी तीनदा कुकर लावलास. पत्रात ती सोय नाही.

आमचं ठीक चाललंय. मनालीच्या पतपेढीत ऑडिट आहे, त्यामुळे ती घरी आली की कोणाशीही न बोलता आधी चहा पिते. माझं लॅबमध्ये नेहमीचंच, दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी घरी गाड्यांची छोटी मॉडेलं. चौदाव्या मजल्यावर हवा चांगली, पण थिनरचा वास काही जात नाही. मनाली म्हणते, ‘तुमच्या शर्टाला काडी लावली तर भडका उडेल.’

बाबांचं सांगतो, पान उलटू नकोस. रोज सकाळी ते फडकं शोधतात आणि टॅक्सी धुवायला खाली जायला निघतात. चाळ पडून टॉवर उभा राहिला हे त्यांच्या लेखी झालेलंच नाही. लिफ्टवाला दगडू भला माणूस. त्यांना खाली नेतो, पार्किंगमध्ये एक फेरी मारून वर आणतो, आणि ‘गाडी गॅरेजला गेलीय कुशाबा, उद्या मिळेल’ असं सांगतो. बाबा उद्यावर समाधान मानतात. उद्या परत फडकं.

डॉक्टर म्हणाले, जुनी ओळखीची वस्तू हातात द्या, थोडे शांत होतील. टॅक्सी कुठून देऊ? ती तर भंगारात गेली. म्हणून ठरवलं, आपणच बनवायची. आपल्या पद्मिनी टॅक्सीचा जोडायचा किट बाजारात मिळत नाही. तिच्या परदेशी बहिणीचा, जुन्या फियाटचा, मिळाला. प्लॅस्टिकचा, मूळ गाडीपेक्षा चोवीस पटीने लहान. बाकी सगळं माझं मलाच करावं लागतंय. टपावरचं कॅरिअर तारेचं केलंय. बाहेरचं डाव्या बाजूचं मीटर दाताच्या अ‍ॅक्रिलिकमधून कोरलंय. पिवळा रंग पाच वेळा मिसळला तेव्हा जमला, टॅक्सीचा पिवळा निराळाच असतो. काळा मारल्यावर एक रात्र डब्याखाली झाकून ठेवली, तरी बॉनेटवर एक केस चिकटलाच. पॉलिशपेपरने घासून पुन्हा मारला. डावी बाजू अजून राहिलीय. दार घासून तीनदा काढलं, तीनदा परत लावलं. बसत नाही म्हणण्यासारखं काही नाही, मलाच पटत नाही.

आता काम. दसऱ्याला आई टॅक्सीची पूजा करतेय असा एक फोटो होता. तू घर सोडलंस तेव्हा तो अल्बम तुझ्यासोबत गेला. त्यात डॅशबोर्ड आणि सीट दिसतात. त्याची एक प्रत पाठवशील का? तुला तो फोटो नुसता बघणंही जड जाईल, मला कळतं. पहिला किट मला तूच दिला होतास. आई जाऊन तीन महिने झाले होते, तुझा पगार झाला होता, आणि अठरा वर्षांच्या घोड्याला तू लाल मोटारीचा खोका आणून दिलास, पोरगं कशात तरी रमावं म्हणून. त्यानंतर मी गाड्याच करत आलोय. चालवत मात्र नाही. तू सगळ्यांना सांगतेस, आई अपघातात गेली त्याचा हितूने धसका घेतला, बरं की तो त्या दिवशी आधीच बसने निघाला होता, नाहीतर तोही गेला असता.

ते तू दर भाऊबीजेला सांगतेस. मी पाटावर बसून ऐकतो.

असो. बाबा तुझी आठवण काढतात. ‘दर्शू कामावरून इली?’ असं विचारतात. तू अजून कामावरच आहेस असं आम्ही सांगतो. डॉक्टर म्हणाले, माणसं ओळखण्याचे दिवस आता थोडे राहिले. तुला ये म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. फोटो तेवढा पाठव.

भावोजींना नमस्कार, रुचाला आशीर्वाद.

तुझा
हितू


लालबाग,
शनिवार, १९ जुलै २०२५

प्रिय ताई,

फोटो मिळाला. पाकिटात चिठ्ठी नव्हती, तरी अक्षर तुझं होतं, तेवढ्यानेही बरं वाटलं. आई किती तरुण दिसते गं त्यात. आता मी तिच्यापेक्षा मोठा आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं. पहिल्या दोन्ही वेळी गाडीबद्दल चार पानं लिहिली आणि फाडली. आज सुट्टी काढलीय. मनाली कामाला गेलीय, बाबा जेवून झोपलेत. लिहायचं ते आज लिहून टाकतो.

गाडी मागच्या रविवारी पूर्ण झाली. फोटो बघून डॅशबोर्डवरचा गणपती केला, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. आमच्या ह्या छंदात एक खोड असते. टप चिकटवल्यावर जे कोणाला दिसणार नाही तेही आम्ही करतो. पायाखालचं रबर करतो, दाराच्या आतली फाटलेली रेक्झिन करतो. ते तिथे आहे हे आपल्याला माहीत असलं की झालं. तसं मी सीटचं काम केलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक उशी ठेवली. टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून घडी केली, सुकल्यावर हिरवी रंगवली, वर पिवळी बुट्टी काढली. मग टप चिकटवला.

फोटोत उशी नाही. बाबांनी कधी उशी घेतली नाही, त्यांचं डोकं टपाला लागायचं. तू ती उशी कधी पाहिलीच नाहीस. मला आठवत होती, म्हणून मी केली. हात थांबला नाही, आणि मीही थांबवला नाही. कोण बघणार आहे, असं वाटलं.

त्याच दुपारी बाबांना खिडकीपाशी बसवून गाडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, चाकं फिरवली, मीटरवरून बोट फिरवलं. ‘गॅरेजवाल्यान बरा काम केल्यान,’ म्हणाले. इतके खूश झालेले मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मनालीने मोबाईलवर फोटो काढला, तो तुला पाठवायचा होता. मग त्यांनी गाडी डोळ्यांजवळ धरली आणि खिडकीतून आत पाहिलं.

चेहराच बदलला ताई. त्यांनी समोरच्या काचेवर अंगठा दाबला, काच आत गेली. त्यांचं ते जाड बोट आत घालून त्यांनी उशी उचकटून बाहेर काढली. स्टिअरिंग तुटलं. मी ‘अहो बाबा’ म्हणेपर्यंत उशी त्यांच्या मुठीत होती. माझ्या मनगटाला धरून त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाले,

‘पोलीस इले तर? ही उशी आधी काढूक होई होती. तू गाडीत नव्हतंस. गाडी मी चालवत होतंय. तू बसान घराक जा.’

मनालीने विचारलं, हे काय म्हणतायत? मी म्हटलं, काही नाही, भ्रमात बोलतायत.

त्यांनी मूठ उघडली नाही. संध्याकाळी जेवतानाही डावी मूठ मिटलेली होती. मी जवळ गेलो की ती पाठीमागे घ्यायचे.

ते भ्रमात बोलत नव्हते ताई.

अपघाताच्या दिवशी अँटॉप हिलला हळदीत बाबांनी घेतली होती, हे तुला ठाऊक आहे. पोलिसांना वासही आला, रिपोर्टही तसाच आला. पण घेतली म्हणूनच त्यांनी चावी मला दिली. त्याआधीचे तीन महिने दर रविवारी बंद मिलच्या कंपाउंडमध्ये ते मला गाडी शिकवत होते, तुझ्यापासून लपवून, कारण तू ‘आधी बारावी पास हो’ म्हणून ओरडली असतीस. मी बुटका, सीट खचलेली, पुढचं काही दिसायचं नाही. म्हणून आईने तिच्या हिरव्या लुगड्याची उशी शिवून दिली होती. माझ्याकडे लायसन नव्हतं. बाबा मागच्या सीटवर आडवे झाले. आई पुढे बसली. रोज मागे बसणारी बाई, त्या दिवशी म्हणाली, माझा हितू गाडी चालवणार तर मी त्याच्या शेजारी बसणार.

वडाळ्याच्या गोदामांकडचा रस्ता, रविवारची दुपार, चिटपाखरू नाही. एक टेम्पो कडेला उभा होता. उभा होता ताई, चालतही नव्हता. आई मला काहीतरी म्हणाली, मी हसून तिच्याकडे बघितलं. एवढंच. डावी बाजू सगळी आत गेली.

बाबा मागून बाहेर आले. त्यांनी मला ओढून काढलं, उशी काढून गटारात टाकली, आणि मला तेच सांगितलं जे त्यांनी गेल्या रविवारी सांगितलं. मी म्हटलं, आई? ते म्हणाले, ‘मी आसंय तिच्याकडे. तू जा.’

आणि मी गेलो. ह्याच्यापुढचं मी आजवर मनालीलाही सांगितलेलं नाही. आई तेव्हा जिवंत होती. ती हितू, हितू करत होती. मला ऐकू येत होतं. मी चालत गेलो, मग बस मिळाली, मी तिकीट काढलं आणि खिडकीजवळ बसलो.

तू घर सोडलंस तो तेराव्याचा दिवस मला अजून दिसतो. दारात उभं राहून तू म्हणालीस, दारू पिऊन माझ्या आईला मारणाऱ्या माणसाच्या घरचं पाणीही मी पिणार नाही. बाबा जामिनावर होते. मान खाली घालून बसले होते. त्यांनी एकदा वर बघितलं, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे, मी काही बोलेन की काय ह्या भीतीने. मी बोललो नाही. ते आठ महिने आत गेले, त्यांचा टॅक्सी चालवायचा बॅज गेला, परळला एका बिल्डिंगवर वॉचमनकी करत म्हातारे झाले. तुझ्या लग्नात ते हॉलच्या समोरच्या फुटपाथवर उभे होते. तुला माहीत नाही. मी तुझ्या बाजूला नवा शर्ट घालून उभा होतो.

मी त्यांना विचारलं होतं, ताईला तरी सांगूया. एकदाच विचारलं. ते म्हणाले, ‘आई गेली तिची. आता तिच्या भावाक पण काढून घेव?’ मला ते बरंच वाटलं. तुझा लाड मला हवा होता. चोवीस वर्षं मी तो बाबांच्या वाटणीचा खाल्ला.

त्यांची काहीच चूक नव्हती असं मी म्हणत नाही. अठरा वर्षांच्या पोराच्या हातात त्यांनी गाडी दिली. पण तू ज्या गुन्ह्यासाठी त्यांचं तोंड बघत नाहीस, तो त्यांनी केलेला नाही. तो माझा आहे.

आता मागणं. तू ये. दिवसा ये, अकराच्या सुमारास त्यांचं डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर असतं. मी लॅबमध्ये असेन, मनाली रजा घेऊन घरी थांबेल, तिला मी आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. पोलिसांकडे जायचं म्हणालीस तर मी येतो, तू सांगशील त्या दिवशी. फक्त बाबा आहेत तोवर थांब, असं म्हणावंसं वाटतं, पण तेही तूच ठरव.

आल्यावर एक मात्र सांभाळ. तुला खरं कळलंय, हे त्यांना कळू देऊ नकोस. ते मनालीला नर्स समजतात. माझं नावही कधी कधी विसरतात. पण मला लपवायचंय, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. तू खरं बोललीस तर त्यांना वाटेल, आपण इतकं करूनही पोरगा सापडला. ते मला बघवणार नाही. म्हणून त्यांच्याजवळ बस, त्यांचा हात हातात घे, आणि म्हण, ‘बाबा, तुम्ही त्या दिवशी गाडी चालवलीत, झालं ते झालं, माझा राग गेला.’ जे त्यांनी केलं नाही, त्याचीच माफी त्यांना दे. त्यांना दुसरी कुठली समजायची नाही.

मला देऊ नकोस. मी ती मागत नाही.

दर पत्रात इथे ‘तुझा’ लिहितो. आज ते लिहायचं धाडस होत नाही.

हितेंद्र कुशाबा घाडी