सत्तेचाळिसावा चौकोन

सोमवार, १४ जुलै

वना, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. बावीस वर्षांनी लिहिणाऱ्याने उशीर झाला म्हणावं की नाही, तेही मला कळत नाही. तुझा पत्ता माझ्याजवळ नाही. म्हणून ही वही केली. तुला उद्देशून रोजचं लिहीत जाईन आणि पत्ता मिळाला की वही पाठवून देईन. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, पण तुला त्याची सवय आहे.

मी साक्री सोडली. तुझी वहिनी मागच्या वर्षी गेली. मग गोपाल म्हणाला, नाना, आता एकटं राहायचं नाही. काल मला जळगावला घेऊन आला. जागा छान आहे. दुसरा मजला, खिडकीतून केळीचे ट्रक जाताना दिसतात. सूनबाई ममता शिवणकामाच्या क्लासात शिकवते. अकराला जाते, चारला येते. मला वेगळी खोली दिली आहे. पलंग, पंखा, टेबल. टेबलावर कॉम्प्युटर आहे. गोपालच्या ऑफिसने जुने काढले, त्यातला एक त्याने माझ्यासाठी आणला. येताना मी उगाच घाबरत होतो की यांच्यात माझी अडचण होईल. तसं काही नाही. ममताने मी येताच जेवायला आपल्याकडची खांडोळी केली होती.

मला कामही मिळालं आहे. आपला नवीन आठवतो ना, मधल्या भावाचा? तू गेलास तेव्हा चड्डीत होता. आता धुळ्याला त्याच्या घरी श्रावणात आपली देवी कानबाई बसते. भाऊबंद सुरत, नाशिक, पुण्याला पांगले. म्हणून या वर्षी घरातल्या सगळ्या पुरुषांची यादी छापून भिंतीला लावायची आणि ती वाचून गहू मोजायचे असं त्याने ठरवलं. नवीन फोनवर म्हणाला, यादी नानाच करणार, जन्मभर मार्केटात मापाडी होते, त्यांची मोजणी चुकत नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पाणी पीत बसलो.

गुरुवार, १७ जुलै

कॉम्प्युटर शिकतो आहे. बँकेत दिसतो तसा हा नाही. गोपाल सांगतो, यात फुकट मिळणारी वेगळी सिस्टीम टाकली आहे, भाषाही मराठी करून दिली आहे. मला सुरुवातीला काहीच सापडेना. खाली कोपऱ्यात नऊ ठिपके आहेत. ते दाबले की पडदाभर चित्रं येतात. प्रत्येक चित्र म्हणजे आत बसवलेला एक प्रोग्राम. एक हिशेबाचा, एक गाण्यांचा, एक फोटोंचा, एक घड्याळाचा. लिहायचा कोणता ते शोधायला मला दोन दिवस लागले. चुकीचं दाबलं की मी आधी पंखा बंद करत होतो, काही जळू नये म्हणून. ममता हसून हसून लाल झाली.

तिने शिकवलं, एक चित्र ओढून दुसऱ्यावर टाकलं की दोघांचं फोल्डर होतं आणि त्याला नाव देता येतं. मग मी वही घेतली. मार्केटात मोजायचो तसंच, एकाला लाभ म्हणून मोजलं, लाभ, दोन, तीन. सेहेचाळीस भरले. लिहिण्याचे एका ठिकाणी, बघण्याचे एका ठिकाणी, मशीनच्या दुरुस्तीचे एका ठिकाणी. सहा फोल्डर झाले, बाहेर एकही नाही. गोपाल बघून म्हणाला, नाना, आमच्या ऑफिसातही एवढी टापटीप नाही.

खालच्या मजल्यावरच्या बेबाबाई ताक घेऊन आल्या होत्या. त्या मलकापूरकडच्या, त्यांच्यात कानबाई नाही. यादी कशाची म्हणून विचारलं. मी सांगितलं, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, तान्ह्या पोराच्या नावानेही. त्याचेच रोट होतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. मोठा माणूस मोजतो. बेबाबाई म्हणाल्या, अहो, मग तुम्ही तर मोठे अधिकारी! एखाद्यावर राग असला आणि मूठच घेतली नाही, तर?

त्या चेष्टेत बोलल्या. मी ताक सांडलं.

शनिवार, १९ जुलै

आज चित्रं मोजली तर सत्तेचाळीस. परत मोजली. सत्तेचाळीसच.

सहा फोल्डरांच्या बाहेर एक करडा चौकोन आहे. त्यावर चित्र नाही, खाली नाव नाही. मी तो ओढून दुरुस्तीच्या फोल्डरात टाकला. जेवून आलो तर परत बाहेर. दाराशी उभा राहावा तसा.

ममताला विचारलं. ती म्हणाली, जुन्या ऑफिसचं काहीतरी उरलं असेल, राहू द्या नाना, आपल्याला जे ओळखू येत नाही ते काढायचं नाही, मशीन बिघडतं. मी हो म्हणालो.

यादी निम्मी झाली. सर्वांत वर माझं नाव, नथ्थू, वयाने मोठा म्हणून. एका बोटाने टाइप करतो.

मंगळवार, २२ जुलै

मी तो चौकोन काढून टाकला. ममता क्लासला गेली होती. उजवं बटण दाबलं की पर्याय येतात, त्यात शेवटी काढून टाकण्याचा आहे. मशीनने विचारलं, नक्की काढायचं का. मी हो दाबलं. फार सोपं होतं.

मोजले. सेहेचाळीस. मला बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली, सांगितलेलं असताना केलं म्हणून. ममता यायच्या आत कॉम्प्युटर बंद केला.

संध्याकाळी तिने चहा आणला. दोनच कप. गोपाल आणि ती पिऊ लागले. मी बघत राहिलो. मग तिने जीभ चावली आणि म्हणाली, अगं बाई, नाना, तुम्ही आहात हे विसरलेच की! तिघेही हसलो.

शुक्रवार, २५ जुलै

चौकोन परत आला आहे. काल काढला, आज परत आला. आजही काढला. एकूण तीन वेळा.

दुपारी यादी उघडली तर वरची ओळ रिकामी. माझं नाव नाही. मला वाटलं माझाच हात लागला असेल. परत लिहिलं. खाली गेलो तर शेवटच्या नावानंतर एक ओळ होती, ती मी लिहिलेली नाही.

भाऊ, मन्ही मूठ कोठे शे?

घरात मी एकटा. दाराला आतून कडी. गोपाल आणि ममताला अहिराणी धड लिहिता येत नाही. आणि माझी मूठ कुठे, हे तुझं वाक्य तर कोणी ऐकलेलंच नाही, वना. त्या वर्षी कानबाईला तू दारात ताट घेऊन उभा होतास आणि आत फक्त मी होतो.

मी ती ओळ पुसली. मग तासभर पलंगावर पाय वर घेऊन बसलो.

आता एक लिहितो, ते कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना मी सांगितलं की गडबडीत मोजणी चुकली, आणि वना तापट, तेवढ्यावरून निघून गेला. गोपाल तेव्हा पंधराचा, तोही हेच धरून आहे. मोजणी चुकली नव्हती. तू डोंगराकडची चमेलीबाई बायको करून आणलीस. मार्केटात लोक मला विचारायचे, काय मापाडी, भावाने कोणत्या जातीची आणली? मला लाज वाटायची. म्हणून तुझं नाव आलं तेव्हा मी हात पोत्यात घातला आणि रिकामा काढला. तू विचारलंस तर मी म्हणालो, मोजणी व्हई गई.

तेव्हा लाज तुझी वाटली होती. आता कोणाची वाटते ते तुला कळलं असेल.

सोमवार, २८ जुलै

खाली फिरायला गेलो होतो. बेबाबाई जिन्यात भेटल्या. मला म्हणाल्या, कोणाकडे आलात बाबा? मी हसलो, म्हणालो, काय बाई, चेष्टा करता. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे लोक कामाला जातात, चारनंतर या, असं त्यांनी सांगितलं. वर जाईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.

ताटं दोनच मांडली जातात. मी तिसरं स्वतः घेतो. ममता प्रत्येक वेळी दचकते, मग ओशाळते. आज ओशाळलीसुद्धा नाही.

माझं नाव यादीत रोज लिहितो. सकाळी नसतं. बाकीची एकतीस नावं असतात.

चौकोन आता मी काढत नाही. पण तो आता आधीसारखा कोरा राहिलेला नाही. खाली अक्षर उमटू लागलं आहे. पुसट आहे. मला वाटतं ते वना असेल. चष्मा पुसून पाहिला तरी वाचता येत नाही.

बुधवार, ३० जुलै

आज वेळ होती. देवाने दिली होती आणि मी घालवली.

नवीनचा फोन आला. गोपालने फोन कानाला लावूनच मला विचारलं, कारण नवीनने बजावलं होतं. नाना, नीट आठवा, कोणी सुटलं का? नवीन यादी छापायला टाकतो आहे. गोपाल माझ्याकडे बघत होता. किती दिवसांनी कोणी सरळ माझ्याकडे बघितलं.

तुझं नाव ओठावर आलं. मग वाटलं, गोपाल विचारेल की इतकी वर्षं का नाही. मग सगळं सांगावं लागेल. पोराच्या तोंडाकडे बघून हे कसं सांगायचं?

मी म्हणालो, कोणी सुटलं नाही.

गोपालने फोनवर सांगितलं, नाही रे, कोणी सुटलं नाही. आणि मग म्हणाला, नाना आता नाहीत, नाहीतर त्यांना विचारलं असतं.

मी समोर बसलो होतो, वना. त्याच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता.

शुक्रवार, १ ऑगस्ट

ममताला सुट्टी. सकाळी माझ्या खोलीत आली, टेबल पुसलं, कॉम्प्युटर लावला. मी खुर्चीशेजारी उभा होतो. मी म्हणालो, ममता, अगं इकडे बघ. तिने पंखा वाढवला.

नऊ ठिपके दाबले. माझे सहा फोल्डर. बाहेर तो चौकोन. नाव आता स्वच्छ उमटलं होतं. तुझं नाही.

नथ्थू.

गोपाल दारातून म्हणाला, काय आहे ते? ती म्हणाली, माहीत नाही, जुनं काहीतरी उरलेलं, ओळखीचं नाही. मी ओरडलो, ममता, तूच सांगितलंस ना, ओळखू येत नाही ते काढायचं नाही! तिचा हात धरला. तिने मनगट खाजवलं.

मशीनने विचारलं, नक्की काढायचं का —

तिने हो दाबलं. सोपं होतं. मला माहीत आहे किती सोपं असतं.

शनिवार, २ ऑगस्ट. सकाळ

धुळ्याला निघाले. माझ्या जागेवर गाडीत पिशवी ठेवली, खिडकीतून दिसलं. मी जिन्यापर्यंत जायला निघालो — दाराला बाहेरून कुलूप.

पलंगावरची गादी गुंडाळली आहे. कधी गुंडाळली? मी त्यावरच झोपलो होतो —

हात दिसतो मला माझा. पेनही दिसतं. कपाटाच्या आरशात —

नको.

शनिवार. दुपार

आता धुळ्यात पोतं उघडलं असेल. नवीन यादी वाचत असेल. लाभ, दोन, तीन.

कॉम्प्युटर चालूच ठेवून गेले आहेत. सेहेचाळीस. सगळं फोल्डरांत. बाहेर कोणी नाही. किती टापटीप.

यादी उघडली. एकतीस नावं. खाली बोटाने लिहिलं. व. ना. पाच मिनिटं बघत बसलो. पुसलं गेलं नाही. वना, तुझं नाव टिकलं! बत्तिसावं. बावीस वर्षांत दोन अक्षरं — एवढंच करायचं होतं मला. एवढंच —

माझं लिहून पाहिलं. पहिलं अक्षर उमटलं की पुसलं जातं.

दार वाजलं का? कुलूप आहे. दाराबाहेर ताट ठेवल्यासारखा आवाज. की मीच बाहेर आणि —

वना, तू आत आहेस आता. तू यादीत आहेस. तुला मोजता येईल. मी तुझी मूठ घेतली नाही, तरी तू — तू माझ्यासारखा नाहीस. वहीच्या मागच्या पानावर गोपालचा पत्ता आहे. दोन ओळी पाठव. नसेल लिहायचं तर चमेलीबाईला सांग. पण लवकर कळव, उशीर करू नको, पोत्यात हात घालशील तेव्हा माझी मूठ —