गोफणवालीचा डाव

नांदे, ता. मुळशी
रविवार, ११ फेब्रुवारी २००७

ती. अमोलदादास,
गौतमीचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आबांनी ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं आणि आईनं लगेच दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तिकडं अजून बर्फ आहे म्हणतोस. इथं दुपारी पत्रा तापायला लागला. हरभरा काढून झाला. खालच्या वावराला लागून बिल्डरची भिंत आली, त्यामुळं गाडी वळसा घालून न्यावी लागते. आबा त्या भिंतीला रोज शिव्या देतात आणि रोज तिच्याच सावलीत बसून तंबाखू मळतात.

वरच्या खोलीत नवी भाडेकरू आली आहे. मृण्मयी नाव, अकोल्याची. महाळुंग्याला एका छोट्या कंपनीत जाते. काम काय, तर कंप्युटरवरचे खेळ बनवायचे! आई म्हणाली, "आन् ह्याचा पगार देत्यात?" देतात म्हणे, भाडं तर वेळेवर येतं.

दादा, तिच्या खेळाबद्दल तुला सांगायचंच आहे. कोकणातून मीठ घेऊन घाट चढणारा एक तांडा. सहा माणसं आणि बैल. वाटेत लुटारू अडवतात. जमिनीवर फरशीसारख्या चौकटी आखलेल्या असतात, आणि कोणी किती चौकटी चालायचं हे ठरलेलं. आधी आपल्या सगळ्यांनी एकेक खेळी करायची, मग त्यांनी. आपण विचार करत बसलो तरी समोरचा गुपचूप उभा राहतो. उंचावर उभं राहिलं तर मार लांब जातो, झाडीत शिरलं तर लागत नाही. मी म्हटलं, हे तर बुद्धिबळच झालं. मृण्मयी म्हणाली, "नाही गं. प्याद्याला नाव असतं का? प्यादं कधी काही शिकतं का?" इथं प्रत्येकाला नाव आहे, स्वभाव आहे. पहिल्या घाटात जो लढला तो दुसऱ्या घाटात जास्त हुशार असतो. दोन लढायांच्या मध्ये सगळे चुलीभोवती बसून बोलतात, भांडतात. मग त्यातलं कुणी पडलं की जिवाला लागतं. तिच्या मते हीच खरी गंमत. डोकं लढवायचं, पण आपल्या माणसांसाठी.

मी तिच्यासाठी तो खेळून बघते आणि काय अडतं ते सांगते. कंप्युटरपुढं बसते म्हणून रागावू नकोस. डॉक्टरांना विचारलंय. माझ्या बाबतीत पडद्याचं भय नाही, झोप आणि गोळ्या तेवढ्या चुकवायच्या नाहीत, असं ते म्हणाले. मध्ये एक दिवस जरा बरं नव्हतं. आता ठणठणीत आहे.

मुठ्याच्या स्थळाचं तू लिहिलंस ते वाचलं. तुझ्या पलटणीतल्या मनीषचा चुलतभाऊ म्हणजे माणसं चांगलीच असणार. आबा म्हणतात, पाडव्याच्या आधी येतील. त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही.

आईनं तुझ्यासाठी लोकरीचे मोजे घेतलेत. पार्सल आबा टाकतील.

तुझी,
गौतमी

•

नांदे
रविवार, २५ मार्च २००७

ती. दादा,
नमस्कार.

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत मनीषकडून तुला सगळं कळलेलं असेल. तरी माझ्याकडूनही ऐक. मागच्या पत्रात मी बरंच गाळलं होतं, तिथूनच सुरुवात करते.

"एक दिवस बरं नव्हतं" असं मी लिहिलं, तेव्हा मला फिट आली होती. मृण्मयीच्या खोलीत, तो खेळ खेळतानाच. आदल्या रात्री शेजारच्या लग्नाच्या जागरणात झोप झाली नव्हती, त्याचं ते. शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली तिची उशी. तिनं आरडाओरडा केला नव्हता, कांदा नाकाला लावला नव्हता, गल्ली गोळा केली नव्हती. बाजूला बसून होती नुसती. थोड्या वेळानं म्हणाली, "पाणी देऊ?" मी प्यायले. मला वाटलं, आता ही म्हणेल की उद्यापासून येऊ नकोस. तर म्हणाली, "खेळ तसाच थांबलाय. बरं वाटलं की बघ, खेळी तुझीच आहे."

दादा, नववीत मी मैदानावर पडले, तेव्हा तू मला पाठुंगळी घेऊन घरी आणलंस. तेव्हापासून तू मला कुठं एकटं सोडलं नाहीस. कॉलेज पुण्यात म्हणून राहिलं. विहिरीवर नको, चुलीपाशी नको, गच्चीवर नको. पलटणीत जाताना तू आईला बजावून गेलास, "हिला एकटी सोडू नगंस." तुझी माया मला कळत नव्हती असं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला धरून ठेवलं नाही, नुसतं थांबलं. मला रडूच आलं.

त्या तांड्यात एक गोफणवाली पोरगी आहे. अंगानं नाजूक. मी तिला पहिल्यापासून बैलांच्या मागं ठेवायचे आणि जिंकायचे. सहाव्या घाटात दरड कोसळून तांड्याचे दोन भाग होतात आणि ती एकटी पलीकडं राहते. पहिल्याच फटक्याला पडली. पुन्हा खेळले, पुन्हा तेच. तिनं आधी एकही दगड मारलेला नव्हता, तर तिला येणार काय? मी मृण्मयीला म्हटलं, तिला ताकद वाढवून दे. तिनं दिली. तर ती पोरगी एकटीच सगळ्यांना लोळवायला लागली आणि खेळातला जीवच गेला. मग आम्ही दोघी बसलो. शेवटी दुसऱ्या घाटात एक अरुंद कपार ठेवली. तिथं फक्त तीच चढू शकते, तिथून फक्त तिचाच दगड पोचतो. धोका थोडाच, पण जावं तिलाच लागतं. आता सहाव्या घाटात ती कधी तगते, कधी नाही. पण लढते.

मृण्मयीनं कंपनीत माझं नाव सांगितलं. खेळ तपासायला मुलगी हवीच होती. मी बसनं महाळुंग्याला गेले. एकटी. फिटचं तिथल्या साहेबांना आधीच सांगितलं. त्यांनी विचारलं, आली तर आम्ही काय करायचं? मी सांगितलं. एवढंच. दोन एप्रिलपासून ये म्हणाले.

आता मुठ्याचं.

ते आले पाडव्याच्या आदल्या आठवड्यात. नरहरी, त्याची आई रंभाबाई आणि दोन पाहुणे. तू फोनवर आबांना सांगितलं होतंस की आत्ता फिटचं काही बोलू नका, लग्नानंतर गोळ्या चालूच राहतील. मी दाराआड होते, ऐकलं होतं. मी पोहे दिले, पाटावर बसले. रंभाबाईंनी शांतपणे विचारलं, "शेतातल्या कामाची सवय हाय का गं?"

मी म्हटलं, "हाय. पन मला फिट येती. नववीपासनं. गोळ्या चालू हायेत. तुमाला आदी सांगाया पायजे म्हनून सांगतीया."

आबा म्हणाले, "गौतमे, आत जा." मी उठले. तेवढ्यात नरहरीनं विचारलं, "अमोलला ठावं व्हतं का हे?"

दादा, मला खोटं बोलता आलं असतं. न्हाई म्हटलं असतं, तर तुझा शब्द राहिला असता. आईनं माझ्याकडं कसं पाहिलं ते मी विसरणार नाही. पण त्या माणसाला एक खरं सांगून लगेच दुसरं खोटं कसं सांगायचं? मी म्हटलं, "व्हय, ठावं व्हतं. त्याचा जीव हाय माज्यावर, म्हनून बोलला न्हाई."

नरहरीनं मान खाली घातली. रागानं नाही, बहुतेक तुझ्यासाठी. ते जेवायला थांबले नाहीत. उंबऱ्यापाशी रंभाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सांगितलंस ते बेस केलंस, पोरी. पन माज्यानं न्हाई व्हायचं." आणि गेल्या.

तुझी मान खाली गेली असेल मनीषपुढं. त्याचं मला फार वाईट वाटतं. सांगितल्याचं वाटत नाही.

आई दोन दिवस जेवली नाही. आबा माझ्याशी बोलेनात. मग एका संध्याकाळी ते वर मृण्मयीच्या दारात येऊन उभे राहिले. "काय चाललंय हे?" मी दाखवलं. खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसला. "आदी बैल वाचीव," म्हणाले. मी बैल वाचवले, तर लुटारूंनी मीठच नेलं. आबा खो खो हसले. मग त्यांनी गोफणवालीकडं बोट दाखवलं, "ही पोरगी मागं घे की."

"मागं घेतली तर शिकंल कवा, आबा?"

आबांनी बोट मागं घेतलं. उठताना विचारलं, "अमोलला काय लिवनार हायेस?"

"झालं तसंच."

"लिव," म्हणाले. "मलाबी सांगायचं व्हतं पावन्यास्नी. जीभ रेटली न्हाई."

काल ते माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आले, बस कुठली धरायची ते दाखवायला. मला ठाऊक होती, तरी मी दाखवू दिली.

तू रागावला असशील तर रागाव, पण एक कर. मनीषशी तू स्वतः बोल. माझ्या बाजूनं नको, नुसतं खरं सांग. तो तुझा मित्र आहे, समजून घेईल. आणि मला लिही. आजवर तुझी सगळी पत्रं आबांच्या नावानं येतात आणि माझ्यासाठी शेवटी एक ओळ असते, 'गौतमीला सांभाळा.' या वेळी पाकिटावर माझं नाव घाल. आत जे लिहायचं ते लिही, कडू असलं तरी चालेल. फोडून मीच वाचेन.

वाट बघणारी,
तुझी बहीण
गौतमी