बाजरीच्या डब्यातलं पत्र

शलोमी,

नागपूरच्या दवाखान्याचं पत्र बाजरीच्या डब्यात तळाशी हाय. तुला नर्सची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचंय, रविवारी नगरहून गाडी मिळंल. पत्र मंगळवारीच आलं हुतं. तू रोज विचारलंस, टपाल आलं का, आणि मी न्हाई म्हणत राहिले.

दर शुक्रवारी चर्चच्या महिला मंडळात तू या नोकरीसाठी प्रार्थना करायला सांगायचीस. सगळ्या बायांबरोबर मीपण आमेन म्हणायचे. मनात मात्र मागायचे, देवा, माझ्या लेकीला लांब नेऊ नको. दोन उपासही त्याचसाठी धरले. तुला वाटलं तुझ्यासाठीच धरलेत. उपास सोडायला तू मला शिरा करून दिलास, तो मी खाल्लासुद्धा.

देवानं तुझं ऐकलं. मी त्याचं उत्तर बाजरीत पुरून ठेवलं.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून चर्चच्या पाळकीणबाईंकडं चाललेय. आज मंडळात उभी राहून सगळं सांगणार हाय. भाकरी टोपल्यात हायेत. तुझ्या कपड्यांना इस्त्री केलीय.

जायच्या आधी माझ्यासाठी एकदा प्रार्थना कर. मला एकटीला राहता यावं एवढंच माग. तुझं ऐकतो तो.

आई