आतला कागद वाचायचा नाही

जामनेर, सोमवार

चि. पियुष यास मोठ्या आबांचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, तसं काही नाही. गुडघे बरे आहेत, डोकं तापलेलं आहे. धुळ्याची हवा आणि तुझं पोट कसं आहे ते कळव. (मेसच्या डब्यात भरीत आलं तर खाऊ नकोस, ते गॅसवरचं असतं.)

दिवाळीत तू आमच्याकडे राउटर बसवलास तेव्हा मी विचारलं होतं, हा डबा करतो तरी काय. तू म्हणालास, आबा, हा नाक्यावरचा पोस्टमन. मजकुराची पाकिटं येतात, हा पत्ता बघतो, पुढचा रस्ता ठरवतो. इकडे वायर, तिकडे हवा, दोन्हीकडचे नियम वेगळे, म्हणून वरचं पाकीट काढून दुसरं चढवतो आणि पुढे ढकलतो. आतला कागद वाचत नाही. मला हे फार पटलं. चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मी त्या डब्याचा प्रामाणिकपणा सांगत होतो. आता तोच डबा दिसला की अंगाचा तिळपापड होतो, कारण आमच्या घरात दुसरा एक राउटर आहे आणि ती तुझी मोठी आई सुमनबाई.

तुझ्या बापाशी, अभिमनशी, मी तीन वर्षं बोलत नाही हे तुला माहीत आहे. सख्ख्या भावाने भरताच्या पार्टीत वांगी कपाशीच्या काड्यांवर न भाजता गॅसवर भाजली, आणि वर पंचवीस माणसांसमोर म्हणाला, चवीत काय फरक पडतो. (पडतो.) तेव्हापासून आमच्या जामनेरहून तुमच्या घरी मेहरूणला सगळे निरोप सुमनबाईकडून तुझ्या आईकडे, फोनवर. तुझी आई शिरपूरकडची, म्हणून आपल्या बोलीत दिलेला निरोप तिकडे अहिराणीत निघतो. इथवर सगळं नियमाला धरून. पण परवा मी ओट्यावर बसलेलो असताना ही आत फोनवर होती. सकाळीच मी ठणकावून सांगितलं होतं, आमच्या डिंपलच्या लग्नाला अभिमन आला नाही तर माझं काही अडत नाही. आणि ही बाई काय सांगते? "लता, त्या म्हनतस, भाऊ उना नही ते बठ्ठा मांडव सुना शे." (म्हणजे मी म्हणतो, भाऊ आला नाही तर सगळा मांडव सुना आहे!)

मी तिथल्या तिथे उलटतपासणी घेतली. तीन वर्षांत एक निरोप जसाच्या तसा गेलेला नाही. तिकडून येणाऱ्याचंही तेच. अभिमनने विचारलं होतं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आलं का. मला मिळालं, दादांची तब्येत कशी आहे. त्या एका विचारपुशीवर विरघळून मी केळीचा अख्खा घड पाठवला, रे. सुमनबाईला याची लाज नाही. म्हणाली, जसंच्या तसं पोचवलं असतं तर तुमचा रस्ता पहिल्याच दिवशी बंद पडला असता. आणि तुरीच्या शेंगा सोलत बसली.

ही लबाडी मला खपणार नाही. तूच सांगितलं होतंस, प्रत्येक पाकिटाला नाके मोजून दिलेले असतात, आकडा संपला की ते वाटेतच मरतं. (मला अडुसष्ट पुरी झाली. हे आपलं सहज लिहिलं.)

तुझे संतापलेले,
मोठे आबा चुडामण

ता.क. सोबत एक बंद पाकीट आहे, ते अभिमनला पोचव. मेहरूण इथून तासाभरावर, तरी धुळ्याचा वळसा घेतोय, कारण जवळच्या रस्त्यावर सुमनबाई बसलेली आहे. आत बघायचं नाही.

ता.क. पियुष, हे मी लिहितेय, मोठी आई. पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याच हातात दिलं. आतलं पाकीटही उघडलं. दोनच ओळी आहेत: "अभिमन, तू आला नाहीस तर मांडव सुना आहे. वांगी गॅसवर भाजलीस तरी चालेल." पहिलं वाक्य माझंच आहे, असू दे. तीन वर्षांत पहिल्यांदा मला शब्द बदलावा लागला नाही. खाली लग्नाची तारीख होती, ती तेवढी आठ दिवस अलीकडची केली. ऐन लग्नाच्या दिवशी या दोघांना भांडायला वेळ कुठे मिळणार?