उन्हात घातलेल्या गादीची बातमी

दिनांक: ११ ऑक्टोबर १९९९

प्रति,
मा. कार्यवाह,
नागरी सेवा व वार्तापत्र समिती,
आप्तमेळा मराठी मंडळ,
बर दुबई.

अर्जदार: सौ. गिरिजा प्रसन्न शिरगावकर, फ्लॅट १०३, पहिला मजला, अल मनखूल.

विषय: ‘शरद वार्ता व सेवा’ पत्रकातील आमच्या अंथरुणाविषयीची बातमी मागे घेणे, विभाग प्रतिनिधी सौ. शालिनी अंबादास खेडेकर यांना पदमुक्त करणे व बुधवारच्या भोंडल्याची तातडीने पर्यायी व्यवस्था करणे याबाबत.

संदर्भ: १. सदर पत्रक, अंक दुसरा, पान दोन, खालचा कोपरा.
२. सौ. खेडेकर यांचा शुक्रवारचा फोन.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, उन्हाळा ओसरला की आपले मंडळ पालिकेच्या सूचना मराठीत करून घरोघरी वाटते. बागा किती वाजता उघडणार, जुने सामान न्यायला गाडी कधी येणार, डास-ढेकणांची तपासणी कोणाला मागता येते, ही माहिती माझ्यासारख्या लहान मूल असलेल्या बाईला फार उपयोगी पडते. मी ते पत्रक पेन्सिलीने खुणा करत वाचते आणि फ्रिजवर लावते. या खेपेचे मात्र फ्रिजवर लावलेले नाही. कारण त्यात पुढील बातमी छापून आली आहे:

“अल मनखूल: दक्ष विभाग प्रतिनिधी सौ. शालिनीताई खेडेकर यांनी इमारतीच्या आवारात पडलेले ढेकूणग्रस्त अंथरूण पालिकेच्या गाडीत टाकवून रहिवाशांची सुटका केली. पहिल्या मजल्यावरील संबंधित कुटुंबाने यापुढे स्वच्छतेचे भान ठेवावे. शालिनीताईंचे अभिनंदन!”

पहिल्या मजल्यावर मराठी कुटुंब एकच आहे. ते आम्ही. नाव न छापण्याचे सौजन्य आपण दाखवलेत, त्याचा आम्हांला काडीचाही उपयोग झालेला नाही.

१. वस्तुस्थिती अशी की, माझी मुलगी मिहिका, वय पाच वर्षे, हिची छाती हवा बदलली की भरते. डॉक्टरांनी अंथरुणातल्या धुळीवर बोट ठेवले आणि गाद्यांना कडक ऊन दाखवा असे सांगितले. तसेही नवरात्राच्या आधी गाद्या-चादरी उन्हात घालायच्या हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही, निदान लागू नये. आमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. गच्चीला डिश अँटेनांमुळे कुलूप असते. म्हणून सोमवारी, दिनांक ४ रोजी, आमच्या इमारतीचे नातूर, म्हणजे रखवालदार, जहूरभाई यांना विचारून मी मिहिकाची कापसाची गादी, उशी आणि सोलापुरी चादर पार्किंगमागच्या दोन खुर्च्यांवर पसरली. मुद्दाम लिहिते, खुर्च्यांवर. कचरा खुर्चीवर कोणी ठेवत नाही.

२. त्याच दिवशी जुने सामान नेणारी गाडी यायची होती हे मला ठाऊक होते. पण सामान फाटकाच्या डाव्या हाताला ठेवावे असे आपल्याच पत्रकात छापले होते, आणि माझी गादी फाटकापासून दूर, मागच्या अंगणात होती. मी खिडकीतून लक्ष ठेवून होते. मिहिकाला धाप लागली म्हणून वाफ द्यायला आत गेले, तेवढ्यात काम झाले. जहूरभाई सांगतात त्याप्रमाणे सौ. खेडेकर स्वतः खाली आल्या. जहूरभाई म्हणाले, “मैडम, ये तो धूप में रखा है.” त्यावर बाई म्हणाल्या, “अरे देखो तो कैसा पीला पड़ा है, खटमल है इसमें. यल्ला, डालो गाड़ी में.” कापूस जुना झाला की पिवळा पडतो. एवढ्यावरून ढेकूण सिद्ध होत असतील तर बर दुबईतल्या निम्म्या घरांत ते सिद्ध होतील.

३. मी सांगलीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. ढेकणाला ऊन सोसत नाही हे सांगायला खरे तर बी.एस्सी.ही लागत नाही. ज्याच्या घरी ढेकूण असतो तो गादी लपवतो, चारचौघांत मांडत नाही. आपण बातमी छापण्यापूर्वी आम्हांला एक फोन केला असतात तरी हे कळले असते. आमचा नंबर मंडळाकडे आहे. वर्गणीच्या वेळी तो बरोबर सापडतो.

४. बातमीचा परिणाम आपल्या कानी घालणे माझे कर्तव्य आहे.

गुरुवारी पत्रक वाटले गेले. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या हाफिजा आपांनी माझ्याकडून नेलेली दुलई प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून दाराबाहेर ठेवली आणि बेल वाजवून निघून गेल्या. वाईट त्यांचे वाटत नाही, त्यांना मराठी येत नाही, म्हणजे ती बातमी कोणीतरी भाषांतर करून सांगितली. लिफ्टमध्ये मी शिरले की लोकांना जिन्याने जायची हौस येते. माझ्या यजमानांच्या ऑफिसात एका मराठी सहकाऱ्याने त्यांना, “शिरगावकर, तुमचा कोट तुमच्याच खुर्चीला अडकवा बरं का,” असे हसत सांगितले. हसतच. खालच्या अंगणात मुलांनी नवा खेळ काढला आहे. जो मिहिकाला शिवेल तो बग, म्हणजे ढेकूण, आणि मग त्याने दुसऱ्याला शिवायचे. पहिले दोन दिवस मिहिकाला वाटले की आज सगळे आपल्याशीच खेळताहेत. तिसऱ्या दिवशी वर येऊन तिने विचारले, “मम्मा, आर वी डर्टी?”

महोदय, याचे उत्तर मी तिला काय द्यायचे ते आपल्या समितीने ठरवून कळवावे.

५. यावरही मी अर्ज केला नसता. पण शुक्रवारी सौ. खेडेकर यांचा फोन आला. आपल्या मंडळाचा भोंडला दर वर्षी त्यांच्याकडे, फ्लॅट ३०४ मध्ये होतो. यंदा तो बुधवारी, दिनांक १३ रोजी, संध्याकाळी पाच वाजता आहे. मिहिका दोन आठवडे गाणी पाठ करते आहे. तिला मराठी नीट बोलता येत नाही, उत्तर इंग्रजीतून देते, पण ‘ऐलमा पैलमा’ म्हणताना अडखळत नाही. बाई फोनवर म्हणाल्या, “गिरिजा, राग मानू नकोस हं, तुझ्याकडचं सगळं निस्तरेपर्यंत मिहिकाला नको पाठवूस. लहान लहान मुली असतात गं, एकमेकींचे हात धरतात.” मी म्हटले, “ताई, आमच्याकडे काही नाहीच.” त्या म्हणाल्या, “असं सगळेच म्हणतात. पेपरात आलंय ना आता.”

म्हणजे आधी स्वतः सांगायचे, मग आपण छापायचे, आणि मग छापून आले म्हणून ते खरे! मिहिका शेजारीच उभी होती आणि बाईंचा आवाज रिसीव्हरबाहेर येत होता. तिने फक्त स्वतःचे हात मागे नेले. त्या क्षणी माझा निर्णय झाला. हा अर्ज सूडबुद्धीने केला आहे असे सौ. खेडेकर म्हणतील. त्यांनी जरूर म्हणावे. एकदा तरी त्यांची बातमी खरी निघेल.

६. पुरावे मी गोळा केले आहेत ते असे.

(अ) माझे यजमान सामान नेणाऱ्या गाडीच्या कंत्राटदाराच्या आवारात जाऊन गाडीवरचे कामगार श्री. तुकाराम यांना भेटले. ते आपल्या लातूरकडचे आहेत. ते म्हणाले, “साहेब, कापसाची गादी टाकून द्यायला जीव होईना, म्हणून मी अल क्वोजला रूमवर नेली.” काल रविवारी ती पाठीवर घेऊन ते स्वतः आमच्या दारात आले. बसमध्ये घेईनात म्हणून बराचसा रस्ता चालत आले होते. मी त्यांना चहा दिला आणि ढेकणांविषयी विचारले. ते म्हणाले, “ताई, रोज झोपतोय तिच्यावर. अशी झोप इथं आल्यापासनं लागली न्हाई. कुठला ढेकूण!” त्यांनी हात-पाय दाखवले. एकही चावा नाही. गादी मी त्यांनाच दिली. मिहिकाला दुसरी करता येईल. त्यांच्या व खोलीतल्या इतर मंडळींच्या सह्यांचे निवेदन जोडले आहे. माझ्या माहितीप्रमाणे एखाद्या गादीला चारित्र्याचा दाखला मिळण्याची ही पहिलीच वेळ असावी. पण तशी वेळ आपल्या पत्रकाने आणली.

(आ) आपल्याच पत्रकात छापलेल्या सेवेप्रमाणे मी पालिकेकडे आमच्या घराची तपासणी मागितली. शनिवारी निरीक्षक आले. त्यांनी पलंग उलटा केला, पडद्यांच्या शिवणी पाहिल्या, मिहिकाच्या बाहुलीची उशीसुद्धा उसवू का म्हणून विचारले. मी म्हटले उसवा. शेवटी म्हणाले, “मदाम, खलास. नथिंग. व्हेरी क्लीन हाउस.” तसा कागद त्यांनी लिहून दिला. त्याची झेरॉक्स जोडली आहे. एक प्रत मी लिफ्टशेजारीही चिकटवली होती. ती कोणीतरी काढली. आता रोज सकाळी मी नवी झेरॉक्स लावते.

७. जाताना निरीक्षकांनी विचारले की, तुमच्या घरी काही नाही, मग इमारतीत ढेकूण आहेत असे म्हणतो कोण? मी त्यांना पत्रक दाखवले आणि बातमीचे इंग्रजी करून सांगितले. एकही शब्द पदरचा घातला नाही, ‘दक्ष’सुद्धा गाळला नाही. ते म्हणाले की ज्या बाईंनी ढेकूण ओळखले त्यांनी ते कुठेतरी पाहिले असणार, तेव्हा तपासणी त्यांच्या घरापासून करणे रीतसर होईल. मला हे पटले. मी फ्लॅटचा नंबर सांगितला.

येथे एक बाब केवळ नोंद म्हणून. ऑगस्टअखेर सौ. खेडेकर यांच्याकडे इंडियाला परतणाऱ्या एका कुटुंबाच्या लीव्हिंग सेलमधून मोठा मखमली सोफा आला. तो जिन्यात अडकला होता म्हणून मला नीट पाहता आला. तेव्हापासून त्यांचा मुलगा शौर्य लिफ्टमध्ये हाताची कोपरे खाजवताना दिसतो आणि बाई या उकाड्यात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालतात. मी निष्कर्ष काढत नाही. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, मी फक्त पाहते. शौर्य गुणी मुलगा आहे. त्या खेळात मिहिकाला शिवून पळून न गेलेला तो एकटाच, हेही नमूद करते.

८. सबब विनंती की,

बातमी मागे घेतल्याचा खुलासा पुढील अंकात त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराच्या अक्षरांत, आमच्या पूर्ण नावासह छापावा. बदनामी नाव न घेता झाली, खुलासा नाव घेऊन व्हावा. त्यात ‘गैरसमज झाला असल्यास’ हे शब्द नसावेत. गैरसमज झालेला नाही, खोटे सांगितले गेले आहे. सौ. खेडेकर यांना प्रतिनिधी पदावरून दूर करून त्याची बातमीही ‘अभिनंदन’ हा शब्द गाळून छापावी. आणि दुलई परत करणाऱ्या हाफिजा आपांना कोणीतरी हिंदीतून जाऊन सगळे समजावून सांगावे. कोणी, ते आपण जाणता.

९. आता तातडीचा मुद्दा. निरीक्षकांनी फ्लॅट ३०४ साठी बुधवार, दिनांक १३, दुपारी चार ते सात ही वेळ दिली आहे. ती वेळ भोंडल्याची आहे हे मला ठाऊक होते. दुसरी वेळ मागावी असे माझ्या मनात आले नाही. आले असते तरी मी मागितली नसती. तपासणीत काही आढळले तर तिथल्या तिथे फवारणी होते असे आपले पत्रक म्हणते. त्या औषधाच्या वासात लहान मुलींनी उभे राहणे बरे नाही. माझ्या मुलीच्या छातीची काळजी मी रात्रंदिवस करते, तेव्हा दुसऱ्यांच्या मुलींच्या छातीचे मला काही वाटत नाही असे समजू नये.

तरी सर्व मुलींना बुधवारी पाच वाजता फ्लॅट १०३ मध्ये पाठवण्याच्या सूचना आजच सर्व पालकांना फोनवरून द्याव्यात. आमचे घर तूर्त या इमारतीतले एकमेव तपासलेले घर आहे. पाटावरचा हत्ती मिहिकाने काढला आहे. त्याला सोंडा दोन झाल्या आहेत, पण तिने खोडू दिले नाही. खिरापती मी पाच करते आहे आणि एकही सहज ओळखता येणार नाही याची दक्षता घेतली आहे. हा शब्द मलाही वापरता येतो.

सौ. शालिनीताईंनाही निमंत्रण आहे. शौर्यलाही घेऊन यावे. फेर धरताना मिहिकाच्या उजव्या हाताची जागा मी शालिनीताईंसाठी राखून ठेवणार आहे. त्यांनी यावे आणि सर्वांदेखत तिचा हात धरावा. त्या आल्या नाहीत तर ती जागा आम्ही भरणार नाही. तेवढी फट ठेवूनच फेर धरू, म्हणजे कोण आले नाही हे प्रत्येक मुलीला गाणे संपेपर्यंत दिसत राहील.

कळावे, आणि बुधवारपूर्वी कळवावे.

आपली नम्र वर्गणीदार,
(सही)
सौ. गिरिजा प्रसन्न शिरगावकर
मिहिकाची आई

सोबत:
१. सदर पत्रकाचे पान दोन, पेन्सिलीच्या खुणांसह.
२. पालिका निरीक्षकांच्या तपासणीच्या कागदाची झेरॉक्स.
३. श्री. तुकाराम व खोलीतील मंडळींचे गादीविषयी निवेदन.
४. जहूरभाईंचे म्हणणे, त्यांनी सांगितले तसे हिंदीत, खाली अंगठा.
५. बुधवारचे निमंत्रण, आपल्या सौभाग्यवती व नात यांच्यासाठी.

प्रत माहितीसाठी: सौ. शालिनी खेडेकर, फ्लॅट ३०४. (दाराखालून सरकवली आहे. बेल वाजवून थांबले होते. आत हालचाल होती, दार उघडले नाही.)