बारशाच्या दिवशी तेरवीचं कलम

प्रताप नगर, नागपूर
९ फेब्रुवारी

ती. अंजनाआत्या यांना,

प्रेमानंदचा वाकून जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? (बरा आहे असं लिहू नका. मागच्या तिन्ही पत्रांत तो बरा होता, आणि तिन्ही पत्रं तुम्ही खाटेवर बसून लिहिली होती हे अक्षरावरून कळतं.) मी रामदासपेठेतल्या दवाखान्यात दिवसभर अनोळखी माणसांच्या हाडांचे फोटो काढतो, आणि सख्ख्या आत्याचा गुडघा मला अजून आतून दिसलेला नाही, याचं वाईट वाटतं. वाचनालय रोज उघडता ना? खाप्याच्या मुली पुस्तकं वेळेवर परत करतात, की अजून तुम्हालाच काठी टेकत त्यांच्या घरी जावं लागतं? इकडे आम्ही तिघं मजेत आहोत. पिंकी सातवीत आहे आणि सहामाहीत तिला गणितात बरे गुण पडले, बाकी विषयांबद्दल विचारू नये. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला मुद्द्यावर ये म्हणता, आणि या गोष्टीत मुद्दा फार उशिरा येतो.

पिंकीच्या शाळेच्या पालक मंडळाचा मी सचिव झालो हे तुम्हाला कळवलं होतंच. (निवड बिनविरोध झाली, कारण त्या सभेला मी उशिरा पोचलो.) हे मंडळ म्हणजे आजवर एक वही, एक रबरी शिक्का आणि वर्षातून चारदा पोहे. स्नेहसंमेलनात पोरांनी कोणत्या रंगाचे कपडे घालावे यावर आम्ही दोन-दोन तास भांडायचो आणि समाधानानं घरी जायचो. पण गेल्या दिवाळीत गोविंदाची व्हॅन कायमची बसली आणि आमचं सुख संपलं. रिंग रोडच्या पलीकडच्या लेआउटमधल्या नऊ मुली त्या व्हॅननं यायच्या. त्यातली जया आठवीत आहे. तिला आई-वडील नाहीत, आजीजवळ राहते. आजी म्हणजे रंभाबाई, आमच्या मंडळाची सभासद, पहाटे भाजी घेऊन बाजारात बसते, त्यामुळे नातीला सोडायला घरी कोणी नसतं. जया सध्या ट्रकच्या रस्त्यानं तासभर चालत येते आणि तासभर चालत जाते. रंभाबाईनं मंडळाला साफ सांगून ठेवलंय की उन्हाळ्यापर्यंत कसंबसं चालेल, जूनमध्ये गाडी नसली तर पोरीची शाळा बंद. आत्या, ही बाई एकदा बोलली की तो विषय परत निघत नाही.

एवढ्यात एका ट्रान्सपोर्टवाल्यानं आम्हाला एक जुनी पण धडधाकट बस द्यायचं कबूल केलं. अट एकच, मंडळ रीतसर नोंदलेलं पाहिजे आणि मार्चअखेर त्याच्याजवळ आयकर माफीचं प्रमाणपत्र पाहिजे, म्हणजे बस देणाऱ्यालाही करात सवलत मिळते. ही बातमी मी सभेत सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे गणपतरावांनी वाजवल्या. (नंतर समजलं, मंडळ करमुक्त झालं की सभासदांचा घरटॅक्सही माफ होतो असा त्यांचा समज होता. खरं कळल्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.)

मग सुरू झाले कागद. आत्या, मी रोज माणसांना आरपार बघतो, त्यामुळे मला कशाची सहसा भीती वाटत नाही. पण या कागदांपुढे मी खरंच नमलो. ऋषी नावाचा पिंकीच्याच शाळेचा माजी विद्यार्थी आता सीए आहे, तो आम्हाला फुकटात मदत करतो. त्यानं समोर ठेवलेला एकेक अर्ज वाचताना मी थक्क होत गेलो. पोहे खाणारी आम्ही सात माणसं, पण कायदा आम्हाला विचारत होता की तुमचे उद्देश काय, तुम्ही जगात कशासाठी आहात. माझ्या लग्नाच्या वेळीही मला हे कोणी विचारलं नव्हतं. मंडळाला स्वतःचं पॅन कार्ड मिळालं, आणि त्यावर जन्मतारीखसुद्धा. (ती पाहून गणपतरावांचा रुसवा निघाला आणि त्यांनी त्या तारखेला मंडळाच्या नावानं केक आणला. वहीत त्याची नोंद आहे.) धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणीचा दाखला हातात आला त्या दिवशी मी तो घरी आणून पिंकीला दाखवला आणि हात धुतल्याशिवाय हात लावू दिला नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त आयकर माफीच्या अर्जासाठी नियमावलीच्या शेवटी एक नवं कलम घालायचं होतं. मंडळ बंद पडलं तर त्याची मालमत्ता सभासदांनी वाटून घेऊ नये, तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यावी, असं त्यात लिहावं लागतं. मी सभेत हे वाचलं आणि रंभाबाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. सातही संस्थापकांच्या सह्या लागतात. सहा झाल्या होत्या. तिची राहिली होती, कारण ती प्रौढांच्या वर्गात सही शिकलीय आणि प्रत्येक अक्षर स्वतंत्र काढते, म्हणून आम्ही तिला नेहमी शेवटी ठेवतो. ती म्हणाली, "बारशाच्या दिवशी तेरवी काहून लिहून राहिले गा?"

खरं सांगू, मलाही मनातून तसंच वाटलं होतं. इतक्या हौसेनं जन्माला घातलेलं मंडळ, त्याचा केकही अजून पचला नव्हता. ऋषी त्या दिवशी पुण्याला गेला होता. मग मी सचिवाच्या अधिकारात तोडगा काढला. (इथून पुढचं वाचताना चष्मा काढून ठेवलात तरी चालेल.) मी ते कलम खोडलं आणि त्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं की हे मंडळ कधीही बंद पडणार नाही, आणि पडू देण्यात येणार नाही. रंभाबाईनं आनंदानं सही केली. गणपतराव म्हणाले, यालाच म्हणतात सचिव. मी अर्ज पाठवून दिला आणि त्या रात्री फार छान झोपलो.

जानेवारीत आयकर खात्याकडून पत्र आलं. ऋषीनं ते वाचलं, मग मी लिहिलेलं कलम वाचलं, आणि त्याखालचं खोडलेलं कलम उजेडाकडे धरून वाचून काढलं. खात्याचं म्हणणं सौम्य होतं, की आपल्या नियमावलीत विसर्जनाची तरतूद दिसत नाही, तरी खुलासा करावा. आम्ही भेटीची वेळ मागितली, ती मिळाली. मी, ऋषी आणि रंभाबाई असे तिघं गेलो. रंभाबाईला न्यायचं नव्हतं, पण ज्या कागदावर माझी सही हाये तिथं मी नको काय, असं तिनं विचारलं, आणि तिचं बरोबर होतं.

अधिकारी बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांच्या टेबलावर फायलींची चळत होती आणि तिच्यात कुठेतरी आमचं मंडळ होतं. त्यांनी माझं कलम मोठ्यानं वाचलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. नंतर म्हणाल्या, हे असं चालत नाही, असं कोणाचंच चालत नाही. मी खुलाशाला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी खुर्ची वळवली आणि थेट रंभाबाईलाच विचारलं, "आजी, तुमची नात शाळेत अजून किती वर्षं?"

"दोन. दहावी झाली का झालं."

"मग तुम्ही मंडळात राहाल?"

"मी कायले राहू बाई? पोरगीच नाही त शाळेत माझं काय काम?"

"आणि हे सचिव?"

रंभाबाईनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "याचीबी पोरगी जाईन."

"मग बस कोणाची?"

आत्या, मी दिवसभर माणसांना सांगत असतो, श्वास घ्या, थांबवा, आता सोडा. त्या खोलीत आम्ही तिघांनी श्वास थांबवला होता आणि सोडा म्हणायला कोणी नव्हतं. मला एकदम दिसलं की आमचं मंडळ कसलं विलक्षण आहे. यात येणारा प्रत्येक माणूस जाण्यासाठीच येतो. त्याचं पोर नीट शिकलं की त्याचं काम संपलं, आणि ते संपावं हीच तर त्याची इच्छा. असं मंडळ कायमचं राहील म्हणून मी लिहून मोकळा झालो होतो, आणि आम्ही कोणीच राहणार नाही हे त्या कायद्याला आमच्याआधी माहीत होतं.

रंभाबाईनं टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या मागून कोणी ते बस आपल्या दारात नेऊन उभी करू नये, म्हणून हा कागद हाये?" बाई हो म्हणाल्या. "मंग तसं लिहा ना. मरण काहून लिहून राहिले? लिहा, आमच्यातलं कोणी राहिलं नाही तरी बस पोरीयचीच राहीन."

अधिकारी बाईंनी ते तिच्याच शब्दांत एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. मग ऋषीला म्हणाल्या, याला कायद्याच्या भाषेत बसवा, पण अर्थ इकडचा तिकडे होऊ देऊ नका. दुरुस्तीला त्यांनी या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मुदत दिली. निघताना रंभाबाई थांबली. ती म्हणाली, दुसऱ्या संस्थेले म्हणजे कोणाले? नाव लिहा. नाव नसलं त सही नाही. बाई म्हणाल्या, नाव लिहायलाच पाहिजे असं नाही, पण लिहिलं तर उत्तम. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते फक्त तुम्हीच समजू शकाल. मी म्हणालो, खापा इथलं मुलींचं वाचनालय. मामाजी आणि तुम्ही जोडीनं एका कपाटानं सुरू केलंत ते. घरी परत येताना मला फार अभिमान वाटत होता, तुमचा, रंभाबाईचा, आणि हो, सरकारचासुद्धा. कायदा म्हणजे शिक्के आणि खिडक्या असं मी आजवर समजत होतो. कोणीतरी आमच्यासारख्यांचा इतका पुढचा विचार करून ठेवलाय, हे मला कुठे माहीत होतं.

प्रकृतीला जपावं. पिंकी आणि तिची आई तुम्हाला जयभीम सांगतात.

तुमचा भाचा,
प्रेमानंद

ता.क. वाचनालयाचं नाव सुचवताना, तुमची संमती आहे का असं अधिकारी बाईंनी विचारलं होतं. मी आहे म्हणालो. घाईत झालं. तरी वाचनालयाच्या छापील कागदावर चार ओळी लिहून, नोंदणी क्रमांक टाकून शिक्का मारून ठेवावा. तारखेबद्दल मी काही सुचवत नाही, तुम्ही मुख्याध्यापिका होतात.

दुसरा ता.क. प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही. वर लिहिलेल्या उत्साहावरून तसा गैरसमज झाला असेल तर क्षमा असावी. नवीन कलमावर सहा सह्या झाल्या, रंभाबाईची नाही. तिनं पेन हातात घेतलं आणि विचारलं, ही खाप्याची बाई कोण, तिले पाहिल्याशिवाय बस कशी देऊ. म्हणून येत्या रविवारी आम्ही येतो आहोत. ती, जया आणि मी.

तिसरा ता.क. आता मुद्दा. पेन ठेवताना तिनं आणखी एक विचारलं, "त्या बाईच्या मागून कोण?" आत्या, वाचनालयाच्या पाटीवर दोन विश्वस्तांची नावं आहेत. त्यातलं एक मामाजींचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, मी दर दिवाळीला ती पाटी वाचतो आणि काही न बोलता फराळ करून येतो. किल्ली तुमच्या कमरेला असते, आणि नवा विश्वस्त घ्या म्हटलं की तुम्ही गुडघा बरा आहे म्हणता. मलाही ते बारशाच्या दिवशी तेरवीसारखंच वाटायचं, म्हणून बोललो नाही. रंभाबाईचं म्हणणं सोपं आहे, आपली बस त्या बाईले, त बाईची पुस्तकं आपल्या पोरीयले. रविवारी ती हेच तोंडावर बोलेल, म्हणून आधीच कळवतो. सोबत एक कोरा कागद ठेवलाय, तुमच्या मागून कोण ते लिहायला.

चौथा आणि शेवटचा. चहाचं आधण दोनदा ठेवावं लागेल, कारण तिला सही करायला वेळ लागतो. जयाला एखादं जाड पुस्तक घरी न्यायला द्या. त्यावर परत करायची तारीख मात्र जूननंतरची टाका.